बारा व्होल्टांचं बिऱ्हाड

पहाटेचे साडेतीन. अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात अंगावर गोधडी ओढलेला ६७ वर्षांचा एक गृहस्थ तोंडात टॉर्च धरून आपल्याच मोटरहोमच्या पायरीखाली डोकं घालून उकिडवा बसला आहे. लांब कुठेतरी कायोटी ओरडतायत. आतून आवाज येतो, "किती आहे?"

गृहस्थ तोंडातली टॉर्च काढतो. "अकरा पॉइंट आठ."

"म्हणजे?"

"म्हणजे ऊठ आणि स्वेटर घाल."

आमच्या घरात 'किती आहे?' हा प्रश्न पूर्वी फक्त तापाबद्दल विचारला जायचा. त्या हिवाळ्यात तो बॅटरीबद्दल विचारला जाऊ लागला, आणि तोही त्याच काळजीच्या स्वरात.

माझी बाजू आधी सांगतो. मी कऱ्हाडला इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग केलं आणि पुढे ३२ वर्षं शिकागोजवळ राहून १ लाख ३८ हजार व्होल्टच्या उपकेंद्रांचे आराखडे काढले. बारा व्होल्टला मी वीज मानतच नसे. बारा व्होल्ट म्हणजे नातवाच्या खेळण्यातली मोटार. त्यामुळे निवृत्तीनंतर मी जुनं मोटरहोम घेतलं तेव्हा त्याची सगळी यंत्रणा बारा व्होल्टवर चालते हे ऐकून मला हसू आलं होतं. ते माझं शेवटचं हसू.

ही तेव्हाच म्हणाली होती, "फिरतं घर घेण्याआधी राहतं घर आवरा." पण ३२ हिवाळे दारातला बर्फ उपसून माझी कंबर गेली होती, आणि तिकडच्या म्हाताऱ्यांमध्ये एक रीत आहे, बर्फ पडायला लागला की पक्ष्यांसारखं दक्षिणेकडे उडायचं. त्यांना नावही 'स्नोबर्ड'. आपणही पक्षी व्हायचं असं मी ठरवलं. हिने खलबत्ता बरोबर घेतला. लोखंडी. मी म्हणालो, "अगं, गाडीला वजनाची मर्यादा असते." ती म्हणाली, "मलाही असते, सहनशक्तीची."

तीन हजार किलोमीटर हाकून आम्ही क्वार्ट्‌झसाइटला पोहोचलो. कॅलिफोर्नियाच्या हद्दीजवळचं, हमरस्त्यालगतचं हे गाव. २०२० च्या जनगणनेत इथली वस्ती होती २,४१३. उन्हाळ्यात इथे कुत्रं फिरकत नाही. पण हिवाळ्यात चाकांवरची घरं घेऊन लाखोंनी लोक उतरतात आणि वाळवंटाची जत्रा होते. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट हे तिथलं सरकारी जमिनींचं खातं. त्याच्या 'ला पोसा' नावाच्या माळावर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल राहायचे आम्ही १८० डॉलर भरले. सात महिने! शिकागोच्या मध्यवस्तीत एवढ्या पैशांत गाडी आठवडाभर उभी राहत नाही. त्याहून स्वस्त हवं तर डोम रॉक किंवा प्लोमोसा रोडला चौदा दिवस चक्क फुकट. ला पोसावर आखलेले प्लॉट नाहीत, वायरी नाहीत. पाणी भरायचा नळ आणि सांडपाणी सोडायची जागा दूर एका टोकाला. आपण आपलं झुडपांमधून वाट काढत जायचं, आवडेल तिथे थांबायचं आणि म्हणायचं, हे आमचं घर.

शिवाय ऊन फुकट. मला सगळ्यात भुरळ पडली ती या उन्हाची. 'ऊन फुकट, म्हणजे वीज फुकट' असं मी हिला वाटभर समजावत आलो होतो. ऊन खरंच फुकट निघालं. ते भरून ठेवायची भांडी फुकट नव्हती.

हिशेब असा होता. आमच्याकडे टपावर सौर पॅनेलं आणि पायरीखाली शिशाच्या दोन बॅटऱ्या. शिशाच्या बॅटरीचा स्वभाव जुन्या वळणाच्या आत्याबाईंसारखा असतो. बरणी अर्ध्याच्या खाली गेलेली तिला खपत नाही. पुन्हा पुन्हा नेलीत तर ती अंथरूण धरते. म्हणजे दोन बॅटऱ्यांतली वापरायला मिळणारी वीज किती? आपल्या महिन्याच्या बिलावर ज्याला 'युनिट' म्हणतात, तसं एक युनिट आणि वर चमचाभर. जन्मभर मेगावॉटमध्ये बोललेला मी एका युनिटावर संसार करायला बसलो होतो.

त्या एका युनिटावर हक्क सांगणारे फार. हीटर गॅसवर चालतो म्हणून मी निर्धास्त होतो, पण गरम हवा ढकलायला पंखा लागतो आणि तो पंखा विजेवर. सात-आठ अँपिअर नुसता फुंकण्यात घालवतो. वाळवंटात दुपारी शर्टाच्या बाह्या वर कराव्या लागतात आणि रात्री पारा पाच अंशांवर. म्हणजे पंखा रात्रभर. दुसरा हक्कदार माझं घोरणं थांबवायचं यंत्र, ते नाकाला लावून झोपायचं. तिसरा इन्व्हर्टर. हा काहीच काम नसतानाही वीज खातो. अशी माणसं मी ऑफिसात पाहिली होती, पण त्यांचं बिल मला येत नसे.

दुसऱ्या रात्री तिढा पडला. यंत्र लावलं तर हीटर पहाटेपर्यंत टिकत नाही. हीटर लावला तर यंत्र बंद ठेवावं लागतं आणि मी घोरतो. मी न्यायाने विचारलं, "तुला काय हवं, ऊब की शांतता?" ती अंधारात बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तुम्ही घोरा. निदान आहात हे कळतं."

शेजारी सस्कॅचेवानहून आलेले एक शेतकरी आजोबा होते. कॅनडातल्या उणे तीसमधून आल्यामुळे ते इथे जानेवारीतही अर्ध्या चड्डीत हिंडत. सकाळी कॉफीचा मग घेऊन यायचे आणि नमस्कार-चमत्काराऐवजी विचारायचे, "किती पडतायत?" आमच्याकडे पावसाळ्यात गावी दोन शेतकरी भेटले की असंच विचारतात. इथे मिलिमीटरच्या जागी अँपिअर होते.

"पाच," मी म्हणालो.

आजोबांनी कपाळावर हात मारला. "तुमची पॅनेलं झोपलीयत! हिवाळ्यात सूर्य खाली असतो. उठवा त्यांना."

डिसेंबरअखेर तिथे भर दुपारीसुद्धा सूर्य जेमतेम ३३ अंशांवर येतो. टपावर आडव्या पडलेल्या पॅनेलच्या वाट्याला निम्मंच ऊन येतं. इंजिनिअर असून हे मला सुचलं नाही, सुचलं ते बार्ली पिकवणाऱ्याला. मी त्याच दिवशी त्यांना तिरकं करायच्या बिजागऱ्या आणल्या. पण पॅनेलं एकाच बाजूला कलायची, आणि ती बाजू दक्षिणेला यायला हवी. म्हणजे गाडी फिरवायला हवी. हिने दोन तास हिंडून, 'अजून थोडं मागे, आता डावीकडे' असं करत, खिडकीतून डोम रॉकचे डोंगर आणि मावळता सूर्य नेमका चौकटीत येईल अशी गाडी लावून घेतली होती. ती फिरवली. त्यानंतर आमच्या खिडकीच्या चौकटीत आजोबांची दोरीवर वाळत घातलेली आतली कापडं नेमकी आली.

"मी डोंगर बघायला आले होते," ही म्हणाली.

"अगं, नऊ अँपिअर पडतायत!"

"मग ते बघा."

बघत होतोच. पण तिसऱ्या दिवशी वारा सुटला तेव्हा मी गावातल्या शोभेच्या दगडांच्या बाजारात हिच्या मागे पिशव्या धरून उभा होतो, आणि पॅनेलं टपावर कान टवकारल्यासारखी उभी होती. परत येऊन पाहतो तो एक पॅनेल सलाम ठोकल्यासारखं सरळ उभं, दुसरं एका बिजागरीवर लोंबकळतंय आणि आजोबा अर्ध्या चड्डीत आमच्या टपावर पालथे पडून दोन्ही हातांनी त्याला धरून बसलेत. वीस मिनिटं तसेच होते म्हणे. खाली उतरल्यावर एवढंच म्हणाले, "चांगला वारा होता. पवनचक्की का नाही लावत?"

मग संक्रांत आली. हिने ठरवलं, गुळाच्या पोळ्या करायच्या. तीळ भाजले, मिक्सरच्या भांड्यात घातले, झाकण दाबून धरलं आणि बटण फिरवलं. मिक्सर साडेसातशे वॉटचा, इन्व्हर्टर हजाराचा. कागदावर गणित सुटत होतं. पण मिक्सर सुरू होताना पहिला घास मोठा मागतो. इन्व्हर्टरने 'पीं' असा लांब सूर काढला, तांबडा दिवा लावला आणि मान टाकली. त्याबरोबर दिवे मंदावले, पाण्याचा पंप उचक्या देऊ लागला. तीळ अर्धवट भरडलेले, ना दाणे ना कूट.

मी तोंड उघडायच्या आत हिने खाटेखालून खलबत्ता काढला. त्या दुपारी ला पोसाच्या माळावर तासभर ठण-ठण-ठण घुमत होतं. जनरेटरच्या आवाजाला सरावलेली माणसं हे कुठलं नवीन यंत्र म्हणून बघायला जमली. एकाने तर विचारलं, "हे किती वॉटचं?" ही घाम पुसत म्हणाली, "चपाती दोन, भात एक वाटी." मी भाषांतर केलं नाही.

आता मात्र यंत्रणा बदलायला हवी होती. क्वार्ट्‌झसाइटला जानेवारीत आरव्हीवाल्यांचं मोठं प्रदर्शन भरतं. तंबू केवढा? आपल्याकडचं एखादं राजकीय अधिवेशन त्यात मावेल आणि भाषणं ऐकू येणार नाहीत. आत सौर पॅनेलं, लिथियम बॅटऱ्या, संडासाच्या टाकीत टाकायच्या सुगंधी गोळ्या, गुडघ्याचं तेल, कढई घासायचा जादूचा कपडा आणि फज. गंमत म्हणजे, बॅटरी विकणारा आणि गुडघ्याचं तेल विकणारा अगदी एकाच सुरात बोलत होते. 'आत्तापर्यंत तुम्ही सहन कसं केलंत?' हा दोघांचाही पहिला प्रश्न. मी दोन्ही घेतलं.

बॅटरी बसवणारा दाढीवाला कारागीर म्हणाला, "उद्या सकाळी येतो." हे वाक्य ऐकून मला माहेरी आल्यासारखं झालं. कऱ्हाडला शनिवार पेठेतला आमचा नळवाला असाच 'उद्या सकाळी' यायचा. हा तिसऱ्या दिवशी दुपारी आला. पायरीखालचं दार उघडलं, टॉर्च मारली, आणि जगातल्या प्रत्येक कारागिराचं पहिलं वाक्य बोलला.

"हे वायरिंग कोणी केलं?"

आता, बारा व्होल्टवर हजार वॉट ओढायचे तर ऐंशीच्या वर अँपिअर धावतात. त्याला करंगळीएवढी जाड तार हवी. तिथे लावलेली तार टेबललॅम्पच्या लायकीची होती, आणि तिच्यावरचं प्लास्टिक वितळून चिंगमसारखं झालं होतं.

"गाडीच्या मागच्या मालकाने," मी म्हणालो.

दाढीवाल्याने मान हलवली. "घर जळलं असतं. कोण गाढव होता?"

आतून ही स्वच्छ इंग्रजीत म्हणाली, "तो इथेच आहे. विचारा त्याला."

मी त्याला संक्रांतीचा तिळगूळ दिला आणि तो घेऊन गोड बोलायची आमच्याकडे रीत आहे, एवढं समजावलं. दोन वड्या खाऊन तो वायरिंगबद्दल गप्प झाला, पण दर पाच मिनिटांनी उसासे सोडत राहिला.

शिशाच्या दोन बॅटऱ्या बाहेर आल्या. एकेक तीस किलोची. ही दारात उभी राहून बघत होती. आदल्याच आठवड्यात दगडांच्या बाजारातून तिने अ‍ॅमेथिस्टचे खडे, अगेट आणि एक फोडलेला जिओड आणला होता, तेव्हा गाडीच्या वजनावर मी तिला अर्धा तास ऐकवलं होतं. आता ती काही बोलली नाही. तिने फक्त जिओड उचलला, बॅटरीशेजारी ठेवला आणि दोन्हींकडे आलटून पालटून पाहिलं.

नवी लिथियम बॅटरी बसली, आणि मला वाटलं सुटलो. पण लिथियम म्हणजे जावई. तो एकटा येत नाही, त्याचे मानपान येतात. जुना चार्जर त्याला चालेना, त्याला लागणारा दाब त्यात नव्हता. मग नवा चार्जर. किती उरलंय ते व्होल्टवरून कळेना, कारण हा शेवटपर्यंत हसऱ्या चेहऱ्याने बसतो आणि मग एकदम उठून जातो. मग अँपिअर मोजणारं वेगळं यंत्र, जे टक्केवारी थेट फोनवर दाखवतं. (या फोनमुळे मी पायरीखाली डोकं घालायचं सोडलं आणि अंथरुणातूनच दर वीस मिनिटांनी टक्केवारी बघू लागलो. ही याला 'अपग्रेड' म्हणायला तयार नाही.) पाच दिवसांनी सांडपाण्याची टाकी रिकामी करायला निघालो, रांगेत इंजिन चालू ठेवून उभे होतो, तर बॉनेटखालून करपल्याचा वास. जावयाची भूक एवढी की इंजिनाच्या आल्टरनेटरमधून जेवढं मिळेल तेवढं ओढत सुटला होता, आणि आल्टरनेटर बिचारा नाही म्हणायला शिकलेलाच नव्हता. मग मधे एक दलाल बसवावा लागला, जो जावयाला मोजून वाढतो. त्याचे वेगळे पैसे.

आणि मग ती थंडी. एका रात्री पारा शून्याखाली गेला. सकाळी लख्ख ऊन, पॅनेलं उठवलेली, तरी चार्जिंग शून्य. मी दाढीवाल्याला फोन लावला.

"गारठलीय ती," तो म्हणाला. "लिथियमला शून्याखाली चार्ज करायचं नसतं. आतलं सर्किट स्वतःच बंद करतं. चांगलंच आहे ते."

"मग काय करू?"

"हीटिंग पॅड मिळतो."

"तो कशावर चालतो?"

"बॅटरीवर."

मी फोन ठेवला. त्या रात्रीपासून माझी गोधडी बॅटरीच्या अंगावर गेली. आईच्या नऊवारीची, हाताने शिवलेली गोधडी. ही पायरीखाली वाकून चारही बाजूंनी ती नीट खोचत होती. "कुणासाठी काय काय करावं लागतं," असं म्हणत होती, पण इतक्या मायेने की मला त्या बॅटरीचा हेवा वाटला.

आल्टरनेटर दुरुस्तीला होता तेव्हा आम्ही गावात पायी हिंडलो. इथे एक पुस्तकांचं दुकान नावाजलेलं. त्याचे मालक पॉल वाइनर २०१९ साली वारले. हे गृहस्थ अंगावर जेमतेम लंगोटीएवढं कापड ठेवून वर्षानुवर्षं पुस्तकं विकत. अख्ख्या क्वार्ट्‌झसाइटमध्ये कसल्याच अपग्रेडची गरज न पडलेला हा एकच माणूस असावा. तिथून स्मशानात गेलो, कारण आजोबांनी सांगितलं होतं की गावातली सगळ्यात बघण्यासारखी वस्तू तिथेच आहे. दगडांचा एक लहानसा पिरॅमिड आणि त्याच्या टोकावर तांब्याचा उंट. खाली नाव, 'हाय जॉली'.

मूळ नाव हाजी अली. ही एकदम थबकली, "अगंबाई, इथेसुद्धा?" मुंबईत तिचं माहेर ताडदेवला, लहानपणी दर रविवारी वरळीला जाताना तो दर्गा दिसायचा. हे हाजी अली वेगळे. १८५० च्या दशकात अमेरिकन लष्कराच्या मनात आलं की वाळवंटात घोडे-खेचरांपेक्षा उंट बरे. सत्तरेक उंट जहाजांनी टेक्सासला आणले, आणि त्यांना हाकायला ओटोमन मुलखातून माणसं. त्यांतले हे एक. सैनिकांच्या जिभेला हाजी अली पेलेना, त्यांनी हाय जॉली केलं. माझ्या नावात 'ज्ञ' आहे. शिकागोत त्याचं काय झालं ते मी इथे लिहीत नाही, पण त्या थडग्यापुढे मी मनापासून हात जोडले. उंट कामाला चोख होते म्हणे. ओझं वाहायचे, पाण्यावाचून चालायचे, रस्त्याकडेची काटेरी झुडपं खायचे. पण त्यांना बघून खेचरं बिथरायची आणि शिपाई वैतागायचे. पुढे यादवी युद्ध आलं आणि उंट विकून टाकले. हाजी अली इथेच राहिले, १९०२ मध्ये वारले.

ही उंटाकडे बघत म्हणाली, "याला आल्टरनेटर नव्हता."

"नव्हता."

"पाण्याची टाकी पोटातच."

"हो."

"घोरत असेल का?"

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं हे खरं. पण विंचवाला इन्व्हर्टर लागत नाही, आणि त्याची विंचवीण खर्च विचारत नाही. परतताना हिने खर्च विचारला. मी आकडा इंग्रजीत सांगितला, जरा घाईने. चार हजार तीनशे डॉलर. तिने तो मनातल्या मनात रुपयांत केला, जे अमेरिकेत ३२ वर्षं काढूनही ती अजून करते, आणि मग पावलागणिक एकेक करून त्यात काय काय आलं असतं ते सांगत आली. गावापासून ला पोसा बरंच लांब आहे.

फेब्रुवारीत सगळं जागेवर आलं. थंडी ओसरली, जावई खुशीत, सकाळी अकरालाच बॅटरी शंभर टक्के. मिक्सर चालायला लागला. पण हिला आता खलबत्त्यातली चटणी आवडू लागली होती, आणि ऐकायला येणारी माणसंही. मला काही कामच उरलं नाही. मी कॉफीचा मग घेऊन माळावर हिंडायचो आणि भेटेल त्याला विचारायचो, "किती पडतायत?"

एका सकाळी आमच्यापासून चार गाड्या पलीकडे ऑरेगॉनहून एक नवीन जोडपं येऊन उतरलेलं दिसलं. नवरा पायरीखाली डोकं घालून बसला होता, तोंडात टॉर्च. मी जाऊन उभा राहिलो. त्याने मला बघून थोडी जागा करून दिली. मी वाकलो, खिशातून माझी टॉर्च काढली आणि आत मारली. तार टेबललॅम्पची होती.

"हे वायरिंग कोणी केलं?" मी म्हणालो.

तो जरा घुटमळला. "मागच्या मालकाने."

गाडीतून त्याच्या बायकोचं खोकणं ऐकू आलं. मी मान हलवली, एक उसासा सोडला आणि जरूर तेवढा वेळ गप्प राहिलो.

"तुम्हाला यातलं कळतं वाटतं," तो आशेने म्हणाला. "थोडं बघाल का? कधी येता?"

"उद्या सकाळी," मी म्हणालो.